बाईंची पोलादी थापी

त्या हिवाळ्यात गॅसचं बिल वाचावं म्हणून आम्ही घरातल्या दोन खोल्या बंद करून टाकल्या होत्या. जमिनीतल्या ज्या जाळ्यांमधून गरम हवा येते, त्यांच्यावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली आणि तिघंही एका खोलीत राहायला लागलो. मी, माझा नवरा दत्ता, आणि सोलापूरहून तीनच महिन्यांपूर्वी आलेल्या माझ्या सासूबाई. दत्ताच्या कारखान्यातली दुसरी पाळी बंद होऊन तो घरी बसला होता. डेट्रॉइटच्या आसपास तेव्हा रोज कुठली ना कुठली पाळी बंद होत होती. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि ट्रॉयमधल्या आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी पुरुष माणसं घराबाहेर नुसतीच उभी दिसायची. मी एका शाळेच्या किचनमध्ये भांडी घासत होते. दत्ता म्हणाला होता, "वर्ष-दोन वर्षांत काही जमलं नाही तर परत जायचं. बस."

परत जायचं म्हणजे माझं कॉलेजही संपणार होतं. ते अजून सुरूही झालं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. माझे वडील अंगठा लावायचे. मी बारावीपर्यंत पोचले तेच आमच्या घराला नवल. इथल्या कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म मी आणून ठेवला होता आणि तो भरायची हिंमत होत नव्हती.

सासूबाईंना सगळे बाई म्हणायचे, मीही बाईच म्हणायचे. बाईंची एक सवय होती. कुणाच्याही घरात गेल्या की त्या आधी खाली बघायच्या. माणसांकडे नंतर. वाकून जमिनीवर तळहात फिरवायचा, मग तो उलटा करून बघायचा आणि मग "बरं हाय का?" म्हणायचं. कारण त्यांचं आयुष्यच जमिनीवर गेलं होतं. नवरा लवकर गेल्यावर त्या बांधकामावर लागल्या. आधी डोक्यावर घमेली वाहिली, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांच्या हातात थापी दिली. लाल काव घातलेला कोबा करून तो घोटायचा, इतका की त्यात वरच्या पंख्याची पाती दिसावीत, हे त्यांचं काम. सोलापुरात बंगल्यांचे मालक "कोबा बाईच्याच हातचा पाहिजे" म्हणून अडून बसायचे. त्या घोटाईवर त्यांनी दत्ताला आयटीआय केलं.

तर अशा बाई अमेरिकेत आल्या आणि घरात शिरताच तळहात टेकला तो कार्पेटवर.

"आगं, ही जमीन आजारी हाय काय? पांघरून घालून निजवलीया."

दत्तानं समजावलं की इथं थंडी असते, सगळीकडे असंच. बाई दोन महिने त्या कार्पेटवर पाहुण्यासारख्या वावरल्या. फारसं बोलायच्या नाहीत. सोबत आणलेल्या दोन वस्तूंना मात्र जपायच्या. एक शिंदीच्या पानांची केरसुणी, जिचा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं वास घेऊन पाहिला होता. आणि दुसरी त्यांची पोलादी थापी. घोटून घोटून तिची कड झिजून गोल झाली होती आणि मूठ काळी पडली होती. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती उशाशी असायची.

मग एक दिवस त्या तळघरात उतरल्या आणि तिथं त्यांना उघडी जमीन सापडली. करडी, धुळकट, भेगाळलेली, पण काँक्रीटची. वरून मला हाक आली, "सुनंदा! आगं हितं हाय की जमीन!" त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

घरात बसून गंजायला लागलेल्या दत्तालाही काम मिळालं. दोघांनी तो जुना कोबा छिन्नीनं टोचून खरबरीत केला, वर लाल रंगाच्या मालाचा पातळ थर दिला आणि बाई गुडघ्यांवर बसल्या त्या चार दिवस बसल्या. कोरड्या सिमेंटची चिमूट उडवायची, थापी फिरवायची, परत उडवायची, परत फिरवायची. कडेनं पांढऱ्या सिमेंटची कमळांची वेल. शेवटी मी खाली गेले तर छताचा दिवा जमिनीत दिसत होता.

हळदीकुंकू आम्ही त्या वर्षी तळघरातच केलं. शरयूकाकू आल्या होत्या. त्यांचे यजमान मोठे डॉक्टर, इथं सगळ्यांच्या आधी आलेले. काकू पुण्याच्या, नेमक्या बोलणाऱ्या. जिना उतरल्या आणि थांबल्याच.

"सुनंदा, ही फरशी इम्पोर्ट केली का गं?"

"नाही काकू, बाईंनी केली."

काकूंनी बाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मला माझ्या फ्रंट डोअरसमोर अशीच पाहिजे. ओटा, तीन पायऱ्या आणि ड्राइव्हवेपर्यंतची वाट. लाल, आणि बॉर्डरला हीच कमळं." मग बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक विंटर काढू दे त्याला. टिकलं की तुम्ही सगळ्या लाईन लावा."

त्या एका वाक्यावर आमचं सगळं टांगलं गेलं. ओटा हिवाळ्यात टिकला तर काम, नाहीतर सोलापूर.

आता मला माझी चूक सांगायची आहे. मी तेव्हा इंग्रजी सुधारायला संध्याकाळी लायब्ररीत जायचे. एकदा सहज काँक्रीटवरचं एक माहितीपत्रक हाती आलं. थंड प्रदेशात घराबाहेर काँक्रीट कसं करावं, यावर होतं. डिक्शनरी शेजारी घेऊन वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: बाहेरच्या कामाला बारीक हवेचे बुडबुडे असलेला माल वापरा. त्यावर पोलादी थापी घोटू नका. वर कोरडं सिमेंट उडवू नका. थंडी तोंडावर आली असताना पाणी साठवून ठेवू नका.

म्हणजे बाई जे जे करायच्या, ते प्रत्येक 'करू नका'.

मी ते पत्रक मिटलं आणि गप्प बसले. मला वाटलं, मलाच इंग्रजी नीट कळलं नसेल. आणि खरं सांगायचं तर, बाई त्या दिवसांत गुणगुणायला लागल्या होत्या. सोलापूरच्या अख्ख्या बांधकामावर जिचा शब्द चालायचा, तिला भांडी घासणाऱ्या सुनेनं काय सांगायचं?

ऑक्टोबर लागता लागता ओटा झाला. दत्तानं भाड्याच्या मिक्सरमध्ये पिशव्यांमधला साधा माल कालवला. बाईंनी पाच दिवस घोटलं. मग मातीची आळी करून त्यात पंधरा दिवस पाणी भरून ठेवलं, आपल्याकडे ठेवतात तसं. येणारे-जाणारे गोरे गाडी थांबवून बघायचे. लाल आरसा आणि त्याच्या कडेनं पांढरी कमळं. काकूंनी दिवाळीला त्यावर पणत्या लावल्या तर दुप्पट दिसल्या.

नोव्हेंबरात बर्फ पडला. मग वितळला. मग रात्रीत परत गोठला. मिशिगनची थंडी एकदाच येऊन बसत नाही, ती सारखी आत-बाहेर करते. आम्ही दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून काकूंच्या घरावरून गाडी हळू न्यायचो. दत्ता समोर बघायचा. बाई काचेला नाक लावायच्या. मी त्या दोघांकडे बघायचे आणि मला पत्रकातल्या ओळी आठवायच्या. जानेवारी अर्धा सरला तेव्हा बाई म्हणाल्या, "बघ, काय झालं न्हाई." मला वाटलं, सुटलो.

फेब्रुवारीत फोन आला. काकूंची मुलगी होती, शाळकरी. "हाय सुनंदामावशी, मॉम सेज यू शुड कम. इट्स पीलिंग."

पीलिंग म्हणजे काय हे बाईंना सांगायला लागलं नाही. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि चपला घातल्या.

पायऱ्यांवरचा तो लाल आरसा पापडासारखा सुटला होता. बोटानं उचललं की चकती हातात यायची. खाली करडा, भुसभुशीत माल. कमळं अर्धी उरली होती. काकू दारात शाल गुंडाळून उभ्या. "बाई, आय फील सो बॅड. पण बघा ना, परवा माझा पाय सटकला. आता आम्ही दुसऱ्या कुणालातरी..."

बाई ओट्यावर खाली बसल्या, बर्फातच. एक चकती उचलली, उलटी केली, बराच वेळ पाहिली आणि पदरात बांधली. मग म्हणाल्या, "दुसरं कुणी न्हाई. माझ्या हातनं बिघडलंय, माझ्या हातनंच तोडीन आन् परत करीन. तवर कुणाला बोलवू नगा." काकूंनी दत्ताकडे पाहिलं, दत्तानं जमिनीकडे. शेवटी काकू म्हणाल्या, "ओके. एक चान्स."

घरी आल्यावर बाईंनी ती चकती शेगडीशेजारी ठेवली, रोज नजर पडेल अशी. "कळंना," त्या म्हणाल्या. "माल चांगला, हात चांगला. मग का?"

मी पत्रक आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "बाई, यात लिहिलंय. आणि मी ते आधी वाचलं होतं."

"आधी म्हंजी?"

"तुम्ही काम सुरू करायच्या आधी."

दत्ता उठून उभा राहिला. "सुनंदा, तुला माहीत होतं?" त्याचा आवाज चढला. बाईंनी हात वर करून त्याला बसवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी आयुष्यात इतकी कुणाला घाबरले नव्हते.

"का बोलली न्हाईस?"

"तुम्ही सासू. मी काय सांगणार तुम्हाला?"

"आगं येडे," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण मला वाटला होता तो नव्हता. "सासू सैपाकघरात. कामावर कोन सासू आन् कोन सून? कामावर ज्याला ठावं हाय त्यानं बोलायचं. मला त्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिव्या घालून शिकवलं, मी काय त्याची सून हुते?" मग पत्रक माझ्याकडे सरकवलं. "वाच. समदं वाचून दाव."

मी वाचलं. एकेक ओळ, मराठी करून. पाणी गोठलं की फुगतं, त्याला आत जागा लागते, म्हणून बुडबुडे हवेत. पोलादी थापीनं घोटलं की वरचे बुडबुडे मरतात, वर झाकण बसतं, पाणी खाली अडकतं आणि गोठलं की झाकण उडवून देतं. बाई मान हलवत ऐकत होत्या.

"म्हंजी हितल्या मालाला श्वास घ्यायला जागा ठेवायची. आन् मी त्याचं तोंड दाबत बसले," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्सं घोटायला शिकले. आता न घोटायला शिकायचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "त्या कालेजचा कागद टेबलात पडलाय, तो भरला का न्हाई? भर. मला रोज कोन वाचून दावनार?"

मे महिन्यात जुना ओटा दत्तानं घणानं फोडला. जूनच्या एका सकाळी तयार मालाचा ट्रक आला, या वेळी बुडबुड्यांचा माल, आणि लाल रंग ट्रकच्या ढोलातच मिसळलेला. ड्रायव्हर वॉल्ट नावाचा जाडजूड गोरा होता. ढोल धुवायला लागणार म्हणून आधीच वैतागलेला. त्यात समोर नऊवारी नेसून, रबरी बूट घालून उभी एक बाई. माल घट्ट होता, पन्हाळीतून हळूहळू उतरत होता. दत्ताचे हात भरून आले. त्यानं खूण केली आणि वॉल्टनं पाण्याची नळी उचलली.

"नो वॉटर!" बाई पन्हाळीसमोर जाऊन उभ्या. त्यांना येणाऱ्या चार इंग्रजी शब्दांपैकी ते दोन होते. पाणी वाढवलं की माल कच्चा राहतो, हे मात्र त्यांना कुठल्या पत्रकानं शिकवायला लागलं नव्हतं.

"लेडी, यू आर किलिंग युअर सन."

"काय म्हनतो?"

"म्हणतो, तुम्ही दत्ताला मारताय."

"मरत न्हाई तो. त्याला म्हनावं, नळी ठेव."

वॉल्टनं नळी ठेवली. माल उतरून झाला तरी तो ट्रकला टेकून बघत राहिला, गेला नाही.

माल पसरला, फळीनं सारखा केला. वर पाण्याची चमक आली. ती चमक जाईपर्यंत हात लावायचा नाही. बाई पालथ्या बादलीवर बसल्या. मग कमरेची थापी काढली, लुगड्याच्या तुकड्यातून सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुज्याकडं ठेव. मी मागितली तरी देऊ नगंस."

मला हसू आलं. वाटलं, गंमत करतायत.

चमक गेली. बाईंनी लाकडी फळी हलक्या हातानं फिरवली. झालं. ओटा लाल होता, पण निस्तेज, खरबरीत, कुणाच्याही मागच्या अंगणात असावा तसा. तेवढ्यात काकू दार उघडून बाहेर डोकावल्या. "झालं? आता असंच राहणार?" आणि लगेच सावरून, "नाही, छानच आहे, प्रॅक्टिकल आहे."

'प्रॅक्टिकल' बाईंना कळलं नाही, पण सूर कळला. काकू आत गेल्या. बाईंच्या मानेची शीर ताठ झाली. डोळे ओट्यावर, आणि हात मागे माझ्याकडे.

"दे गं."

मी हलले नाही.

"थापी दे. नुसता येक हात मारते वरच्या वर. कड तेवढी."

"नाही, बाई."

"सुनंदा. माल आवळत चाललाय. वाद घालायची येळ न्हाई."

"तुम्हीच सांगितलंय, देऊ नकोस."

"आता मीच सांगते, दे!" त्या वळल्या. दत्ता फळी धरून जागच्या जागी थिजला होता. "आगं माझं नाव हाय त्या कामावर! लोक म्हनतील, सोलापूरच्या बाईनं अंगण सारवलं!"

मी थापी पाठीमागे धरली, दोन्ही हातांनी. "म्हणू देत. कामावर ज्याला ठाऊक आहे त्यानं बोलायचं, तुम्ही म्हणालात. मला ठाऊक आहे. नाही देणार."

मला वाटलं, मारतील. मग बाईंची नजर माझ्यावरून निघून बाजूला गेली. तिथं केरसुणी पडली होती. फोडलेल्या ओट्याचा चुरा सकाळी त्यांनी तिनंच झाडला होता. पत्रकात शेवटी लिहिलं होतं की बाहेरच्या काँक्रीटवर ब्रश ओढून खरखर आणावी, पाय घसरत नाही. दत्तानं त्यासाठी ताठ काड्यांचा लांब ब्रश आणलाही होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. केरसुणी उचलली, झटकली, कपाळाला लावली आणि आडव्या टाकलेल्या फळीवर गुडघे टेकले.

मनगट एका जागी ठेवून त्यांनी केरसुणी अर्धगोल फिरवली. ओल्या लाल मालावर पंखा उमटला, बारीक रेघांचा, शिंदीच्या एकेका पात्याची वेगळी रेघ. त्याच्या शेजारी दुसरा. दोघांच्या मधून वर तिसरा. त्या मागे मागे सरकत गेल्या आणि पुढे मोराचा पिसारा उलगडत गेला. पायऱ्यांवर सरळ रेघा, पाण्यासारख्या. पंचवीस वर्षं घोटलेलं मनगट होतं ते. एक रेघ दुसरीवर चढली नाही. वॉल्ट टोपी काढून उभा होता. "वेल, आय'ल बी," एवढंच म्हणाला, म्हणजे 'कमालच झाली'.

काम संपल्यावर बाईंनी हात धुतले आणि माझ्यासमोर हात पुढे केला. मी थापी दिली. त्यांनी ती गुंडाळली. "बरं केलंस," म्हणाल्या. त्या विषयावर एवढंच.

पुढचा हिवाळा फार वाईट होता. पहिल्याच बर्फाला डॉक्टरकाका तो वितळवायला मिठाची पिशवी घेऊन ओट्यावर उभे राहिले, तर बाईंनी गाडी थांबवायला लावली. "डाक्टर, मीठ आमटीत घाला! हिच्या अंगावर न्हाई, पयलं वरीस हाय तिचं!" आणि डिकीतून वाळूची बादली काढून दिली. थंडी आली, गेली, परत आली. मी मोजणं सोडून दिलं. माझा कॉलेजचा पहिला क्लास तेव्हाच सुरू झाला होता आणि वहीच्या समासात मी केरसुणीचे पंखे काढत बसायचे.

एप्रिलमध्ये शेवटचा बर्फ गेल्यावर आम्ही गेलो. काकू बाहेर आल्या. बाईंनी बूट काढले. अनवाणी पायांनी एकेक पायरी चढल्या. वर ओट्यावर वाकून तळहात टेकला, पिसाऱ्याच्या रेघांवरून दाबून फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. मग उलटा करून माझ्याकडे धरला. कोरडा, स्वच्छ. सुटलेल्या सिमेंटचा कणही नव्हता.

त्या उन्हाळ्यात आम्ही ट्रॉयमध्ये सात घरांची अंगणं केली. आमच्या घरातल्या बंद खोल्या उघडल्या.

तेव्हापासून रिवाजच पडला. आतलं काम असलं, तळघर किंवा देवघर, की थापी बाईंच्या हातात. बाहेरचं असलं की माल ओतण्याआधी माझ्या हातात. त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही, पण द्यायच्या मात्र न चुकता.

मी कन्स्ट्रक्शनची पदवी घेतली त्या दिवशी बाई जरीचं लुगडं नेसून आल्या होत्या. समारंभाच्या हॉलबाहेर रांगेत उभ्या असताना खाली वाकल्या, पायरीवर हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हे घोटलंय की गं मेल्यांनी! दोन हिवाळ्यांत उडतंय बघ. सांग जा त्यांना, आता तू शिकलीस." मागचे गोरे हसले, कारण त्यांना वाटलं म्हातारी कौतुक करते आहे.

त्याच वर्षी बाई सोलापूरला परत गेल्या, स्वतःच्या हट्टानं. म्हणाल्या, "मला माज्या कोब्यावर पाय सोडून बसायचंय." निघायच्या सकाळी बॅगा दाराशी होत्या. त्यांनी लुगड्यात गुंडाळलेली थापी माझ्या हातात ठेवली.

मी म्हटलं, "बाई, आज तर बाहेरचं काम नाही."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

दोन वर्षांनी त्या गेल्या, झोपेत, आपल्याच कोब्यावर अंथरलेल्या चटईवर. थापी माझ्याकडे आहे. बाहेरच्या कामाला मी ती आजही पिशवीतून काढत नाही.

काकूंचा ओटा टिकला. आम्ही परत गेलो नाही. आणि माझ्या माहेरी-सासरी मिळून कॉलेजची पदवी घेतलेली पहिली व्यक्ती मी आहे.